कुलूप कंपनीचे, किल्ली चोरवाटेची, खटला आपला



गेल्या तालुका बैठकीत कापसाच्या भावाचा विषय संपला, लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून एका तरुण शेतकऱ्याने प्रश्न टाकला. "आमच्या भागात एक जण लॅपटॉप घेऊन येतो. पिकअपच्या स्टिअरिंगखाली वायर जोडतो आणि अर्ध्या तासात स्पीडचे लॉक काढून देतो. ताकद वाढवतो, युरियाची टाकीही बंद करून देतो. चार जणांनी करून घेतले आहे. मी करून घेऊ का?"

अर्धी सभा म्हणाली, "विचारतोस काय? गाडी तुझी, हप्ता तू भरतोस." उरलेली अर्धी गप्प बसली. खरे सांगायचे तर आम्हीही गप्पच बसलो. तंत्रज्ञान वापरायचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असले पाहिजे, असे आपण आजवर सांगत आलो. मग आज 'हात लावू नकोस' कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि 'लाव' म्हटले, तर उद्या रस्त्यावर काही विपरीत घडल्यावर त्याच्या दारात उभे कोण राहणार? जिल्हा बैठकीच्या आधी उत्तर देतो, असा शब्द दिला होता. तो पाळतो आहोत.

आधी त्या पेटीत काय आहे ते समजून घेऊ. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात जुना ट्रॅक्टर आहे. त्याची अ‍ॅक्सिलेटरची दांडी सरळ डिझेल पंपाला जोडलेली असते. दांडी ओढली की डिझेल वाढते, त्यात मध्यस्थ कोणी नाही. नव्या गाड्यांत तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे, कडक नियम लागले. तेव्हापासून या यंत्रांचा कारभार एका पेटीच्या हाती गेला. ड्रायव्हर लोक तिला ईसीएम म्हणतात. इंजिन किती तापले, हवा किती आली, चाक किती वेगाने फिरते, हे सेन्सर तिला कळवतात. डिझेल किती सोडायचे, कोणत्या क्षणी सोडायचे आणि किती दाबाने सोडायचे, हे ती ठरवते. आपला पाय आता हुकूम देत नाही, नुसता अर्ज करतो. तो मंजूर करायचा की नाही, हे पेटीतला प्रोग्राम ठरवतो.

हा प्रोग्राम कंपनी लिहिते आणि कंपनीच कुलूप लावते. सेन्सर बदलायचा असला, तरी पेटीला नवा सेन्सर 'ओळखायला' लावावा लागतो. तो स्कॅनर गावच्या मिस्तरीकडे नसतो. खरे दुखणे हे आहे आणि हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही.

अमेरिकेतला शेतकरी आपल्या आधी या कुलपाशी भांडला. तिथली सर्वांत मोठी ट्रॅक्टर कंपनी जॉन डिअर. तिच्या यंत्रातला मोठा बिघाड काढायचा पुरा प्रोग्राम फक्त तिच्या डीलरकडे. ऐन कापणीत हार्वेस्टर बंद पडला की डीलरचा माणूस येईपर्यंत पीक उभे. २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे कंपनीने सांगितले, की गिऱ्हाइकाला यंत्र चालवण्यापुरता परवाना मिळतो, तोही यंत्र आहे तोवर. याचा सरळ मराठीत अर्थ असा, की लोखंड तुमचे, डोके आमचे! सातबारा आपल्या नावावर आणि विहिरीच्या मोटारीचे बटण सावकाराच्या खिशात, त्यातलीच ही गत.

मग तिकडच्या शेतकऱ्यांनी काय केले? काहींनी चोरवाट धरली. युक्रेन आणि पूर्व युरोपातून कुलूप तोडलेले प्रोग्राम विकत घेऊन शेतकरी ट्रॅक्टरला लावत आहेत, अशा बातम्या २०१७ साली आल्या. बाकीच्यांनी राजमार्ग धरला आणि भांडत राहिले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने मालकाला दुरुस्तीसाठी कुलूप उघडायची सूट दिली आणि तीत शेतीची यंत्रेही आली. तिची अंमलबजावणी मात्र वर्षभर लांबवली. २०१८ साली मालकाच्या वतीने मिस्तरीलाही ती सूट मिळाली. कोलोरॅडो राज्याने शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांना बरोबर घेऊन, दुरुस्तीची मक्तेदारी केल्याबद्दल जॉन डिअरवर दावा लावला.

या भांडणात आपण कोणत्या बाजूला, हे वेगळे सांगायला नको. ज्याने पैसे मोजले त्याला यंत्र उघडायचा, दुरुस्त करायचा आणि हव्या त्या मिस्तरीकडे न्यायचा हक्क असलाच पाहिजे.

पण त्या शेतकऱ्यांनी भांडून जे मिळवले त्यात एक रेघ आखलेली आहे, तिच्याकडे नीट बघा. २०१५ ची सूट देताना सरकारने बजावले, की कुलूप उघडा, पण वाहनाच्या सुरक्षेचे आणि धुराचे कायदे मोडायला ते उघडू नका. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या फार्म ब्युरो या शेतकरी संस्थेने जॉन डिअरशी समझोता केला. त्यातही सुरक्षेची साधने निकामी करणे, धुराचे नियंत्रण काढणे आणि यंत्राची ताकद बदलणे वगळलेले आहे. हा समझोता काही धर्मादाय नव्हता. राज्याराज्यांत असे कायदे मागू नका, असे कलम घालून कंपनीने आपला डाव साधलाच. तरी ती रेघ नुसती कंपनीच्या सोयीची नाही. दुरुस्ती म्हणजे यंत्र जसे घडवले होते तसे पुन्हा चालू करणे. फेरफार म्हणजे ज्या हिशेबाने घडवले तो हिशेबच मोडणे. पहिला आपला हक्क. दुसऱ्यात जीव जातो आणि खटला आपल्यावर येतो.

जीव कसा जातो ते पाहू.

लॅपटॉपवाला ताकद वाढवतो म्हणजे नवे काही बसवत नाही. तेच इंजिन, तेच पिस्टन, तोच टर्बो. प्रोग्राममधले आकडे बदलून तो डिझेल आणि हवेचा दाब वाढवतो. पण क्लच, गिअर, एक्सल आणि ब्रेक जुन्याच ताकदीच्या हिशेबाचे असतात. इंजिन फार तापले की ताकद आपोआप कमी करायची, हीही आज्ञा त्याच पेटीत असते. ताकदीच्या आड येते म्हणून पुष्कळदा तीच आधी काढली जाते. बैलाला पराणी टोचून शंकरपट जिंकता येतो, हंगाम काढता येत नाही. भर घाटात, मागे कापसाचे बोंदरे लादलेले असताना इंजिन जाम झाले, तर ते फक्त इंजिनाचे नुकसान नसते.

स्पीडचे लॉक घ्या. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. ८० वरून १०० वर गेले तर वेग सव्वापट झाला, असे आपल्याला वाटते. पण धावत्या गाडीचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे १०० वर ब्रेकला जो जोर अडवायचा तो दीडपटीहून जास्त. थांबायला अंतरही त्याच प्रमाणात जास्त. त्यात आपण माल किती भरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. वेग कागदावर सव्वापट आणि समोर बैलगाडी आडवी आली तर मरण दीडपट.

यंत्रात असे आणखी पहारेकरी असतात. नव्या ट्रॅक्टरांत पुष्कळदा सीटखाली स्विच असतो. ड्रायव्हर उठला की पीटीओ थांबतो. मळणीच्या वेळी तो अडचणीचा वाटतो, म्हणून त्याला बगल दिली जाते. फिरत्या शाफ्टमध्ये धोतराचा सोगा किंवा पदर अडकून काय होते, ते आपल्या प्रत्येक तालुक्याने पाहिले आहे. मळणीयंत्रात हात गेलेली माणसे गावोगाव दिसू लागली, तेव्हा केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा करावा लागला. तो स्विच कंपनीची मिजास नव्हे. कोणाच्या तरी तुटलेल्या हाताची ती आठवण आहे.

आणि एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आताच्या गाडीत इंजिनाची पेटी, ब्रेकची पेटी आणि गाण्याची पेटीसुद्धा पुष्कळदा तारांच्या जाळ्याने एकमेकींशी बोलतात. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी एका जीप गाडीच्या गाण्याच्या पेटीतून दुरूनच शिरकाव केला, आतला प्रोग्राम बदलला आणि धावत्या गाडीचे इंजिन आणि ब्रेक ताब्यात घेऊन दाखवले. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीला घ्याव्या लागल्या. एका कोपऱ्यातला बदल दुसऱ्या कोपऱ्यात काय करील, हे घडवणाऱ्यालाही पुरते उमगले नव्हते. मग दुसऱ्याच मॉडेलची फाइल आपल्या गाडीत ओतणाऱ्याला ते कुठून उमगणार? कंपनी आपला प्रोग्राम हजारो तास चालवून बघते. हा बघतो गावच्या फाट्यापर्यंत.

आता खटल्याचे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परवानगीवाचून करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने १८२ अ हे कलम घातले. त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शब्द बघा, मालकाला. लॅपटॉपवाला पावती देत नाही, बिल देत नाही, दुकानाचा पत्ताही देत नाही. अपघात झाला की मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे उभे राहतात ते ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी. लॅपटॉपवाला त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात वायर जोडत असतो.

विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. विमा कंपनीला पैसे न देण्यासाठी कारण हवेच असते. गाडीत केलेला बदल तिला कळवला नव्हता, हे कारण आपण तिच्या हातात आयते देतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडतो. दुसऱ्याचा जीव गेला असेल तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळालीच पाहिजे आणि तेच न्यायाचे आहे. पण लायसन नसणे, पॉलिसीची अट मोडणे अशा प्रकरणांत न्यायालयांनी अनेकदा असा मार्ग काढला आहे, की विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. वसुली म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. पाच एकर विकून ती फिटेलच, असेही नाही.

याच्या उलट एक प्रकरण ध्यानात ठेवा. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २००७ साली टोयोटाची एक गाडी आवरता आली नाही आणि अपघातात एक बाई दगावली. असे काही इलेक्ट्रॉनिक दोषाने होते, असा पुरावा २०११ सालच्या सरकारी तपासणीत मिळाला नव्हता. नासाचे तज्ज्ञही त्या तपासणीत होते. तरी २०१३ साली कोर्टात कंपनीचा प्रोग्राम उघडून तपासला गेला, तज्ज्ञाने त्यातले दोष मांडले आणि ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरून ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. हे का शक्य झाले? प्रोग्राम कंपनीचाच होता, म्हणून. त्या मालकाने गावठी फाइल टाकलेली असती, तर कंपनीचा वकील एका वाक्यात सुटला असता, "हे आमचे काम नव्हे." कंपनी धुतल्या तांदळाची नाही. फोक्सवॅगनने धुराच्या तपासणीला फसवणारा प्रोग्राम जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत स्वतःच घातला होता आणि २०१५ साली ती पकडली गेली. म्हणूनच सांगतो, कंपनीला कधी तरी पकडायचे असेल तर तिला सुटकेचा दाखला आपल्या हाताने लिहून देऊ नका. चोरवाटेचा फेरफार म्हणजे नेमका तो दाखला.

आमच्यावर रागावणारे म्हणतील, "संपादक साहेब, युरिया संपला की गाडी गळाठते, मोंढ्याच्या वाटेवर उभी राहते. त्याचे काय?" तक्रार खरी आहे आणि ती साऱ्या जगातल्या शेतकऱ्यांची आहे. अमेरिकेत दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूरनियंत्रणाची साधने लोकांनी काढून टाकली, असा अंदाज तिथल्या पर्यावरण खात्याने २०२० साली दिला. खात्याने लॅपटॉपवाल्यांना दंड केले, दुकाने बंद केली. पण शेतकरी आणि वाहनवाले ओरडत राहिले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच खात्याने कंपन्यांना सांगितले, की युरिया संपल्यावर यंत्र एकाएकी गळाठू नये, चालकाला पुरेसा अवधी मिळावा, असा प्रोग्राम बदला आणि चालू यंत्रांतही तो घाला. म्हणजे बदल झाला तो प्रोग्राममध्येच. फरक एवढाच, की तो उजेडात झाला, कंपनीच्या सहीने झाला आणि त्याची जबाबदारी कंपनीवर राहिली. चोरून केलेल्या बदलाने एका गाडीची अडचण टळली असती आणि जोखीम मालकाच्या डोक्यावर बसली असती.

मग त्या तरुणाला उत्तर काय? करून घेऊ नकोस. ज्यांनी करून घेतले त्यांना सांग, की मूळ प्रोग्राम परत घालून घ्या, अधिकृत ठिकाणी घाला आणि त्याची पावती ठेवा. जुनी गाडी विकत घेणार असशील, तर सौद्याआधी स्कॅनर लावून पेटी तपासून घे. अनेक पेट्यांत प्रोग्राम किती वेळा बदलला याची नोंद राहते. दुसऱ्याने केलेला फेरफार गाडीबरोबर तुझ्या दारात येतो आणि आरसी बुकावर नाव तुझे असते. मिस्तरीने पेटीला हात लावला तर काय काम केले ते त्याच्या सहीने लिहून घे. सीटखालचा स्विच, ब्रेक आणि स्पीडचे लॉक यांना बगल देणाऱ्याला, मग तो सख्खा मेहुणा असला तरी, खळ्यावर उभा करू नकोस.

पण तरुणाला 'नको' म्हणून आपले काम संपत नाही. त्याला चोरवाट का धरावीशी वाटली? राजमार्गाला कुलूप आहे, म्हणून. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्याच यादीत शेती अवजारांचे नाव घातले. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती टाकणे वेगळे आणि कंपनीला कायद्याने बांधणे वेगळे. म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. बिघाड शोधायचा स्कॅनर आणि त्याचे कोड स्वतंत्र मिस्तरीला रास्त किमतीत मिळावेत. माहितीपुस्तक मराठीत असावे. सुटा भाग बदलल्यावर पेटीला तो ओळखायला लावायची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. दुसऱ्या मिस्तरीकडे दुरुस्ती केली एवढ्या कारणाने वॉरंटी तोडता येऊ नये. यंत्र कधी गळाठणार आणि का, हे विकतानाच लेखी सांगावे. हंगामात डीलर ठरल्या मुदतीत आला नाही, तर झालेले नुकसान कंपनीने भरावे.

हे मिळवायला वेळ लागेल. तोवर गैरसोय आपल्यालाच सोसावी लागेल, हेही कबूल करतो. लॅपटॉपवाला अर्ध्या तासात काम करतो, ठरावाला वर्षे लागतात. पण स्वातंत्र्य मागणाऱ्याला जबाबदारी टाळता येत नाही. आपला ट्रॅक्टर आपल्या शेतात चालतो, पण पिकअप रस्त्यावर धावते आणि रस्त्याच्या कडेने दुसऱ्या शेतकऱ्याचे पोर शाळेत जात असते. कुलपाची किल्ली आम्हाला हवी आहे. ती आम्ही दिवसाढवळ्या, हक्काने मागणार आहोत.

ठरावावर बोलायला तो मागच्या रांगेतला तरुण या वेळी पुढच्या रांगेत बसावा, एवढीच इच्छा.